शून्य टक्के साम्य: एका मराठी प्रबंधाच्या फाइलचं प्रकरण

प्रबंधातला मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो हे सांगणारा साम्य तपासणीचा अहवाल हातात पडला तेव्हा संशोधक मॅडमना हायसं वाटलं होतं. पाच प्रकरणांचा मराठी प्रबंध, आणि त्यातल्या तीन प्रकरणांत साम्य चक्क शून्य टक्के. आमच्या ग्रंथपालांना मात्र नेमकी ती तीन शून्यंच खटकली. ज्या प्रबंधात पूर्वसुरींची अवतरणं आहेत, पुस्तकांची नावं आहेत, लोकसाहित्याच्या रूढ व्याख्या आहेत, त्यात कुठे ना कुठे दोन-चार ओळी जुळणारच. काहीच जुळत नसेल तर मजकूर शंभर टक्के स्वतंत्र आहे, यापेक्षा सॉफ्टवेअरला तो वाचताच आलेला नाही, ही शक्यता मोठी. त्यांनी फाइल आणि अहवाल दोन्ही आमच्या तांत्रिक साहाय्य कक्षाकडे पाठवलं.

मी नाशिकमधल्या एका महाविद्यालयात हे काम करतो. प्राध्यापकांचे लॅपटॉप, प्रयोगशाळेतलं नेटवर्क, परीक्षेच्या काळातले लॉगिन, असं रोजचं काम चालूच असतं. पण संशोधकांच्या फाइली हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. चार-पाच वर्षांचं काम एका फाइलमध्ये असतं आणि ती फाइल नीट नसेल तर ते काम कुणापर्यंत पोचत नाही.

या मॅडम दिंडोरी तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात. पेठ आणि सुरगाण्याकडून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या बायांची गाणी हा त्यांचा विषय. छाटणीच्या, विरळणीच्या दिवसांत बागेत जाऊन त्यांनी गाणी ध्वनिमुद्रित केली, रात्री बसून ती वहीत उतरवली आणि त्यातला शब्द न् शब्द गाणाऱ्या बायांकडून तपासून घेतला. इतकं मोलाचं साहित्य मी आमच्याकडे क्वचित पाहिलं आहे.

अहवालाच्या पहिल्या पानावरचा टक्का सगळे पाहतात. आतल्या पानांवर सॉफ्टवेअरने फाइलमधून उचललेला मजकूर दिसतो, तिकडे सहसा कुणी जात नाही. आम्ही तिथूनच सुरुवात केली. दुसऱ्या प्रकरणाच्या मजकुरात एकही मराठी अक्षर नव्हतं. जिथे ‘मराठी’ हा शब्द असायला हवा, तिथे ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच रोमन अक्षरं ओळीने उभी होती. पानभर तसंच. जगातल्या कुठल्याही पुस्तकाशी, लेखाशी किंवा संकेतस्थळाशी हा मजकूर जुळणं शक्यच नव्हतं. शून्य टक्के आलं ते त्यामुळे.

ज्यांनी टायपिंगच्या दुकानातून कधी मराठी काम करून घेतलं आहे त्यांना कृतीदेव हे नाव ठाऊक असेल. कृतीदेव, श्रीलिपी, आयएसएमचे सुरेख वगैरे जुने फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीच्या पद्धतीवर चालतात. त्या काळी एका फॉन्टमध्ये जेमतेम २५६ जागा मिळत आणि त्यातल्या पहिल्या जागा रोमन अक्षरांच्या होत्या. फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्याच जागांवर देवनागरीचे आकार बसवले. म्हणजे संगणकाच्या लेखी फाइलमध्ये ‘ई’ हे रोमन अक्षरच असतं, फक्त कृतीदेव लावला की पडद्यावर त्याच्या जागी ‘म’ दिसतो. छापून घ्यायचं असेल तर यात काहीच अडचण नाही, कारण कागदावर ‘म’च उमटतो. शोधायचं, तपासायचं, दुसऱ्या संगणकावर उघडायचं किंवा वाचून घ्यायचं म्हटलं की सगळं कोसळतं.

युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या १२८ जागांचा गट आहे. त्यात ‘म’ला स्वतःचा क्रमांक आहे आणि फॉन्ट कुठलाही लावला तरी तो क्रमांक बदलत नाही. मंगल लावा, निर्मला लावा, नोटो लावा, आकार बदलेल, पण अक्षर ‘म’च राहील.

हे ओळखण्याची चाचणी अगदी सोपी आहे, आणि प्रत्येक संशोधकाने ती स्वतः करावी असं मला मनापासून वाटतं. फाइलमधला एक परिच्छेद निवडायचा आणि त्याला निर्मला किंवा मंगल फॉन्ट लावायचा. मजकूर मराठीच राहिला तर तो युनिकोड. रोमन अक्षरांचा खच पडला तर जुना फॉन्ट. मग कंट्रोल-झेड दाबून पूर्ववत करायचं. याला कुठलंही जादा सॉफ्टवेअर लागत नाही.

मॅडमच्या फाइलमध्ये ही चाचणी केली तेव्हा प्रबंधाचा सगळा इतिहासच उलगडला. पहिलं प्रकरण शहरातल्या एका टायपिंगच्या दुकानात श्रीलिपीत झालं होतं, तेही पेजमेकर या पानं मांडण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि मॅडमकडे त्याची फक्त पीडीएफ होती. दुसरं आणि तिसरं दुसऱ्या एका दुकानात कृतीदेवमध्ये. टाळेबंदीत दुकानं बंद झाल्यावर मॅडम स्वतः मोबाइलवर टाइप करायला शिकल्या आणि चौथं-पाचवं प्रकरण थेट युनिकोडमध्ये उतरलं. त्या दोन प्रकरणांतच सॉफ्टवेअरला साम्य सापडलं होतं, म्हणजे तेवढाच भाग खऱ्या अर्थाने तपासला गेला होता.

मॅडमचा पहिला प्रश्न साधा होता. “सर, पण मला तर सगळं मराठीच दिसतंय. मग चूक कुणाची?” चूक त्यांची नव्हती, आणि दुकानदारांचीही नव्हती. छापील प्रत नीट यावी एवढंच त्यांना सांगितलं गेलं होतं आणि ती नीट आली होती. चुकलं होतं ते आमच्या व्यवस्थेत: नोंदणीपासून सादरीकरणापर्यंत ‘तुम्ही मराठी टाइप कशात करता’ हा प्रश्न त्यांना कुणीच विचारला नव्हता. संशोधकांच्या अभ्यासक्रमात संशोधनपद्धती शिकवतात, संदर्भ कसे द्यायचे ते शिकवतात, पण कळफलक आणि फॉन्ट यांवर अर्धा तासही नसतो. इंग्रजीत लिहिणाऱ्याला त्याची गरज भासत नाही. मराठीत लिहिणाऱ्याचं मात्र पुढचं सगळं त्यावर ठरतं.

आता कुणी म्हणेल, शून्य टक्के आलंच आहे तर तसंच पुढे पाठवा. असा सल्ला मॅडमना मिळालाही होता. पण विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्य प्रतिबंधाचे नियम स्पष्ट आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ६ महिन्यांत, सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० मध्ये सुधारित प्रबंध सादर करायला वर्षभर बंदी, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. पदवी मिळाल्यानंतर जरी साम्य सिद्ध झालं तरी कारवाई होऊ शकते. न वाचलेल्या फाइलवर मिळालेलं शून्य तेव्हा कुणाचंही संरक्षण करणार नाही. मॅडमनी हे ऐकल्यावर क्षणभरही वेळ न घेता सांगितलं की सगळं नीट करूनच द्यायचं.

दुसरं कारण माझ्या दृष्टीने त्याहून मोठं आहे. मान्य झालेला प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर चढतो आणि तिथून देशभरातला कुणीही तो वाचू शकतो. पण कृतीदेवमधला प्रबंध शोधात सापडत नाही. ‘द्राक्षबाग’ असं मराठीत टाकून शोधणाऱ्याला त्यातलं एक पानही मिळणार नाही. आमच्या मराठी विभागात दृष्टिहीन विद्यार्थी आहेत, ते एनव्हीडीए हा मोफत स्क्रीनरीडर वापरतात. तो युनिकोड मराठी वाचून दाखवतो. कृतीदेवची फाइल दिली तर तो रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ बोलत सुटतो. ज्या बायांची गाणी आजवर कुणी लिहून ठेवली नव्हती ती लिहून झाल्यावरही कुलपातच राहणार असतील तर काय उपयोग?

रूपांतराला हात घालण्यापूर्वी आम्ही मूळ फाइलींच्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या आणि त्यांना पुन्हा हात लावायचा नाही असं ठरवलं. मग परिशिष्टांचा प्रश्न आला. त्यात गाणाऱ्या बायांची नावं, गावं, काही ठिकाणी घरची परिस्थितीही होती. इंटरनेटवर कृतीदेवचं युनिकोड करून देणारी कितीतरी पानं आहेत. त्यातली बरीचशी तुमच्याच ब्राउझरमध्ये चालतात, मजकूर बाहेर जात नाही. पण सगळीच तशी असतील असं धरून चालता येत नाही. म्हणून आम्ही पान उघडलं, वायफाय बंद केलं आणि मग रूपांतर होतं का ते पाहिलं. जे पान नेटशिवाय चाललं तेच वापरलं, आणि परिशिष्टं तर शेवटपर्यंत नेट बंद ठेवूनच केली. लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी अनोळखी संकेतस्थळाच्या चौकटीत चिकटवायच्या नाहीत, हा आमच्याकडे आता नियमच आहे.

आख्खं प्रकरण एकदम निवडून रूपांतर केलं तर काय होतं, ते एका पानावर मुद्दाम करून मॅडमना दाखवलं. त्यांच्या संदर्भसूचीत इंग्रजी पुस्तकंही होती. रूपांतर करणाऱ्याला इंग्रजी आणि कृतीदेव यांतला फरक कळत नाही, त्याच्या लेखी दोन्ही रोमनच. त्यामुळे इंग्रजीतलं ‘द’ हे उपपद, म्हणजे टी, एच, ई ही तीन अक्षरं, ‘जीम’ होऊन बाहेर पडलं. म्हणून आधी वर्डच्या शोध चौकटीत फॉन्टचं नाव देऊन फक्त कृतीदेवमधला मजकूर निवडायचा, त्याला रंग द्यायचा आणि तेवढाच बदलायचा. तळटिपा वेगळ्या काढाव्या लागल्या, कारण मजकूर ब्राउझरमध्ये चिकटवला की तळटिपा गळून पडतात.

अक्षरांचा क्रम हा यातला सगळ्यात अवघड भाग. कृतीदेवमध्ये ‘दिंडोरी’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी येते आणि ‘द’ नंतर, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी ‘द’, मग वेलांटी. रफाराचं उलट. ‘खर्च’मध्ये कृतीदेवचा रफार ‘च’च्या नंतर बसतो, युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त ‘च’च्या आधी. चांगली साधनं हे सरळ शब्दांत बरोबर करतात. जोडाक्षर आणि वेलांटी एकत्र आली की चुका सुरू होतात. त्या निदान दिसतात तरी, कारण शब्द वेडावाकडा होतो.

न दिसणारी चूक निघाली अर्ध्या ‘र’ची. ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यातला ‘ऱ्य’ मराठीचा खास. हिंदीत तो लागत नाही आणि कृतीदेवची बहुतेक रूपांतरं हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेली असतात. त्यामुळे मॅडमच्या गाण्यांत कुठे ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ झालं, कुठे ‘दऱ्या’चं ‘दर्या’. यातला दुसरा शब्द तर मराठीत आहेच, फक्त अर्थ निराळा. सुरगाण्याच्या डोंगरातल्या दऱ्या एका गाण्यात समुद्र होऊन बसल्या होत्या. कुठलाही शुद्धलेखन तपासनीस ‘दर्या’खाली लाल रेघ मारणार नाही.

एकदम सगळीकडे ‘र्य’च्या जागी ‘ऱ्य’ टाकावं, तर ‘कार्य’, ‘सूर्य’, ‘धैर्य’, ‘आचार्य’ बिघडतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यात तर विद्वान आणि स्वयंपाकी एवढा फरक. तेव्हा शोध चौकटीत ‘र्य’ आणि ‘र्ह’ टाकून एकेक ठिकाण डोळ्यांनी पाहणं हाच उपाय होता, आणि ते काम माझं नव्हे, मॅडमचंच होतं. गाणं त्यांनी ऐकलेलं होतं. शंका आली की त्या ध्वनिमुद्रण लावायच्या. कक्षात हेडफोन लावून बसलेल्या मॅडम एक ओळ तीन-तीनदा ऐकत आणि मग एक अक्षर बदलत, हे पाहताना तांत्रिक साहाय्याची हद्द कुठे संपते ते मला नेमकं दिसलं. साधन आम्ही द्यायचं, अक्षराचा निर्णय ज्याचं काम आहे त्याने घ्यायचा.

‘ॲ’चा घोळ लहान, पण तापदायक. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या सवयीने किंवा काही कळफलकांवर लोक ‘अ’ आणि वर चंद्र असं दोन तुकड्यांत टाइप करतात. दिसतं सारखंच, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. मॅडमच्या मोबाइलवरच्या प्रकरणांत एक प्रकार होता, रूपांतरित प्रकरणांत दुसरा. हे मात्र बिनधास्त एकदम बदलता आलं.

शुद्धलेखन तपासणीबद्दल आमचं बोलणं बराच वेळ चाललं. लिबर ऑफिससाठी मराठी शब्दकोश मोफत मिळतो आणि प्रबंधाच्या विवेचनासाठी तो जरूर वापरावा. गाण्यांवर मात्र तो चालवायचा नाही. पेठ-सुरगाण्याची बोली प्रमाण मराठीच्या कोशात बसत नाही, आणि ‘सगळे बदला’ या एका बटणाने महिनोन्‌महिन्यांचं क्षेत्रकार्य पुसलं जाऊ शकतं. आम्ही गाण्यांसाठी वर्डमध्ये वेगळी शैली (स्टाइल) तयार केली आणि तिची भाषातपासणी बंद ठेवली. त्याच वेळी वर्डमधली एक नेहमीची अडचणही मिटली. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार वर्ड ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ या वेगळ्या रकान्यात ठेवतो. शैलीत तो रकाना भरला नाही तर इंग्रजीचा आकार बदलतो, मराठीचा जिथल्या तिथे.

पहिल्या प्रकरणासाठी मॅडम त्या टायपिंगच्या दुकानात गेल्या. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मधली, तरी नाशिकमधल्या छपाईच्या कामात तो अजून भेटतो. “काका, जुनी फाइल आहे का?” एवढंच विचारायचं होतं. फाइल होती. श्रीलिपीचा परवानाही दुकानातच, त्यामुळे रूपांतर तिथेच त्यांच्या साधनाने झालं, आणि ते कृतीदेवपेक्षा कितीतरी स्वच्छ उतरलं. श्रीलिपीची अक्षरमांडणी वेगळी असते, तिथे कृतीदेवचं साधन चालत नाही. फाइल मिळाली नसती तर पीडीएफची पानं प्रतिमा म्हणून वाचून घ्यावी लागली असती. टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर मराठी वाचतं, पण अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासायला पुन्हा सगळं वाचावं लागतं. टायपिंग करून घेणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणूनच सांगतो की पैसे देताना छापील प्रतीबरोबर मूळ फाइलही मागून घ्या.

पाचही प्रकरणं युनिकोडमध्ये आल्यावर पुन्हा तपासणी झाली आणि आकडा १० टक्क्यांच्या थोडा वर गेला. मॅडमचा चेहरा उतरला. अहवाल ओळीने वाचला तेव्हा कारणं समजली. दुसऱ्या प्रकरणात छापील संग्रहांतली काही गाणी तुलनेसाठी घेतली होती. नावाने उल्लेख होता, पण अवतरणचिन्हं नव्हती आणि मांडणी मूळ मजकुरासारखीच. नियमानुसार योग्य श्रेय देऊन केलेलं अवतरण, संदर्भसूची, अनुक्रमणिका आणि ऋणनिर्देश साम्यात धरत नाहीत. सलग १४ शब्दांपर्यंतची सर्वसामान्य जुळणीही सोडून देतात. अवतरणं नीट चिन्हांकित झाल्यावर तो भाग वगळला गेला. उरलेलं साम्य मात्र खरं होतं. लोकगीतांच्या अभ्यासाचा इतिहास सांगणारी दोन पानं जुन्या पुस्तकांच्या शब्दांत उतरली होती. ती मॅडमनी मार्गदर्शकांबरोबर बसून नव्याने लिहिली, आणि मला विचाराल तर त्या प्रकरणातली ती आता सर्वांत चांगली पानं आहेत.

‘टक्का कमी करून द्या’ अशी विनंती घेऊन लोक कक्षात येतात. अक्षरांच्या जागी दिसायला सारखी अक्षरं घालणं, परिच्छेदाचं चित्र करून चिकटवणं, असले मार्ग सांगणारेही बाहेर भेटतात. आमचा कक्ष ते करत नाही आणि करणारही नाही. सॉफ्टवेअरला मजकूर पूर्ण वाचता येईल एवढं आम्ही पाहतो. त्यानंतर जे दिसेल ते संशोधकाने आणि मार्गदर्शकाने मिळून सोडवायचं.

शेवटी पीडीएफ. शोधगंगेसाठी मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, प्रत्येक प्रकरण अशा वेगवेगळ्या फाइली लागतात. देवनागरीची पीडीएफ करताना प्रिंटच्या वाटेने न जाता ‘सेव्ह ॲज’ किंवा ‘एक्स्पोर्ट’नेच करावी, आणि झाल्यावर एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावी. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार साठवलेले असतात, त्यामुळे जोडाक्षरं उचलताना तुटतात. मॅडमच्या फाइलींत थोडी तूट राहिलीच, पण साधे शब्द शोधात सापडू लागले. तपासणीसाठी आम्ही पीडीएफऐवजी वर्डची फाइल देतो, ते याच कारणाने.

या प्रकरणानंतर ग्रंथालयाच्या अर्जात एक रकाना वाढला आहे: मजकूर युनिकोडमध्ये आहे का, आणि फॉन्ट बदलून पाहिलं का. मराठी प्रबंधात एखाद्या प्रकरणाला शून्य टक्के आलं तर ग्रंथपाल अहवालातला उचललेला मजकूर स्वतः उघडून पाहतात. नव्याने नोंदणी झालेल्या संशोधकांना पहिल्याच सत्रात इनस्क्रिप्ट कळफलक दाखवतो. तो भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कळफलक आहे, विंडोजमध्ये आधीपासूनच असतो, आणि ‘ऱ्य’ त्यावर थेट लिहिता येतो. मोबाइलवर मराठी सहज लिहिणाऱ्यांना तो सुरुवातीला नकोसा वाटतो, पण लांब लेखनाला बसल्यावर बहुतेकजण त्यावरच स्थिरावतात.

ग्रंथालयाच्या कपाटात जुन्या मराठी प्रबंधांच्या सीडी आहेत, जवळपास सगळ्या जुन्या फॉन्टमधल्या. त्या वाचता येतात तोवर प्रती काढून घेण्याचं काम सुरू केलं आहे. आदिवासी बोलींवरचे आणि क्षेत्रकार्यावर आधारलेले प्रबंध आधी घेतोय, आणि संबंधित संशोधक अजून भेटू शकतात अशांना सर्वांत आधी, म्हणजे अर्ध्या ‘र’च्या जागा त्यांच्याकडूनच तपासून घेता येतील.